अडकित्त्याने कापलेला कोपरा

आज सकाळी वांग्याच्या वाफ्यात खुरपं खट्‌कन वाजलं. खडा असेल म्हणून मी त्याला दोन शिव्या दिल्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे माझ्या शिव्या व्याकरणशुद्ध असतात. माती उकरली तर सुपारीएवढं गोल काहीतरी बोटांना लागलं. पदराला पुसून पाहिलं. पितळेचं, वर एक चीर, आत गच्च माती.

घुंगरू.

मग मी वाफ्यातच फतकल मारून बसले. चैत्रातली सकाळ. निंबाला फुलोरा आलेला, आणि त्याचा तो कडू नावाच्या झाडाला न शोभणारा गोड वास अंगणभर. बारीक पांढरी फुलं माझ्या डोक्यावर पडत होती; तिथे ती ओळखूही येत नसतील. कुंपणावर सातभाई पाखरांचं भांडण लागलेलं. ऊन अजून कोवळं होतं, पाठीवर हात ठेवल्यासारखं.

“आई, उठा आता. ऊन चढलं,” सून आतून ओरडली.

“चढू दे. पडलं तर मी नाही उचलायची.”

ती हसली नाही. माझ्या विनोदांना ती बारा वर्षांपूर्वीच हसून मोकळी झाली आहे.

हे अंगण माझ्या बापाचं. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून घर माझ्याकडे आलं. नंदुरबारच्या वेशीबाहेरचं घर, तेव्हा पलीकडे नुसती शेतं होती. बापाला आम्ही आबा म्हणायचो. तो डाकेचा हलकारा होता. इंग्रजांच्या राज्यात तापीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याकडे मोटार जायची नाही, तिथे आबा जायचा. खांद्यावर डाकेची थैली, हातात घुंगरं बांधलेली काठी, आणि पायांना चाल अशी नाहीच, नुसती धाव. एका टप्प्यापर्यंत तो पळायचा, तिथे दुसरा हलकारा उभा असायचा, तो पुढे पळायचा. वाटेतल्या पाड्यांवर कोणाचं कार्ड असलं तर तेही आबाच द्यायचा. घुंगरांचा आवाज आला की लोक दारात येत. कधी हसत येत, कधी कानात बोटं घालून. असं तो सांगायचा. का, ते मात्र सांगायचा नाही.

तो पेन्शनीत निघाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. काठी सरकारजमा झाली. घुंगरं त्यानं सोडवून घेतली, रिकाम्या हातानं घरी कसं यायचं म्हणून. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात नवीनच दुखणं सुरू झालं. पहाटे चारला माणूस उठून उभा. पायांना कोणी सांगितलंच नव्हतं की आता पोचायचं कुठे नाही. मग तो अंगणात पळायचा. खरंच पळायचा. विहिरीवरून दोन घागरी घेऊन वाफ्यांपर्यंत पळत, रिकाम्या घागरी घेऊन परत पळत. शेणाचं घमेलं डोक्यावर घेऊन पळत. माय दारात उभी राहून म्हणायची, “अहो, वांगासले काय तार देनी शे का?”

मिरची, वांगी, मेथी, कुंपणावर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा वेल, दाराशी मोगरा आणि सब्जा. एका वर्षात त्यानं उकिरड्याची बाग केली. हात कायम मनगटापर्यंत मातीत. जेवायला बसला तरी नखांत माती असायचीच. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी तो त्या मातीसकट जेवायचा आणि म्हणायचा, मीठ बेतानं पडलं आहे.

त्याच अंगणात, निंबाच्या आडव्या फांदीखाली, एक चौकोन मात्र त्यानं रिकामा ठेवला होता. तिथे काही लावायचं नाही. तिथे झोका बांधायचा. अखाजीला.

आमच्या खानदेशात दिवाळी एकीकडे आणि अखाजी एकीकडे. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. त्या सणाला लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि चार दिवस कोणाचंही ऐकत नाहीत. माझी मोठी बहीण, जिजी, तापीपलीकडे खापरला दिलेली. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिनंच मला कडेवर वागवलेलं, आणि मी तिच्या कमरेला चावायची, असं गावभर प्रसिद्ध होतं. दोन अखाज्या झाल्या, जिजी आली नव्हती. सासूचं एकदा म्हणणं, शेतात काम आहे. एकदा म्हणणं, घरात माणूस नाही. आबा नोकरीत असताना त्याला रजा मिळायची नाही, म्हणून तिला आणायला कोणी गेलंही नव्हतं. आता मात्र तो मोकळा होता. ह्या वर्षी जिजी आली पाहिजे, एवढं एकच त्याच्या मनात होतं. झोक्याखालच्या जमिनीतले खडे तो एकेक करून वेचायचा, पोरीच्या पायाला लागू नयेत म्हणून. माघापासून वेचत होता.

पाडवा झाला आणि त्यानं मला हाक मारली. “इंदे, कार्ड लिख.”

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेव्हा मराठी चौथीत होते, वर्गात पहिली, आणि माझ्या मते एकूण हिंदुस्थानात तिसरी-चौथी असेन. घरी सगळे अहिराणी बोलायचे. मला त्याची लाज वाटे. माय ‘पानी’ म्हणाली की मी ‘पाणी’ म्हणून तिला सुधारायची, आणि ती म्हणायची, “तुन्हं पानी ज्यास्त गोड शे का?” मी वेणी पुढे घेऊन चालायची, कारण शाळेतल्या बाई तशा चालायच्या. आज ती पोरगी मला रस्त्यात भेटली ना, तर मी तिची वेणी धरून तिला तीनदा गोल फिरवीन.

आबा वाफ्यात उकिडवा बसला होता. मी ओट्यावर दौत, टाक आणि राजाचं डोकं छापलेलं कार्ड घेऊन.

“लिख. व्याही, राम राम. अखाजी जवळ उनी. दोन साल व्हयनात, पोर उनी नही. औंदा धाडा. मी लेवाले येसू. पोरना बापना डोया वाटले लागनात.”

शेवटचं वाक्य, बापाचे डोळे वाटेला लागले हे, त्यानं मातीकडे बघून सांगितलं.

मी लिहिलं: ‘श्रीयुत व्याहीबुवा यांचे सेवेशी कृतानेक नमस्कार विनंती विशेष. अक्षय्य तृतीयेच्या मंगल पर्वानिमित्त आपल्या स्नुषेस माहेरी प्रेषित करावे, ही नम्र प्रार्थना.’ आणि ते खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

आबानं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाला, “यामा मी कोठे शे?”

“सगळं तुझंच आहे. मी फक्त शुद्ध केलं.”

“आनि डोयानं?”

“ते पत्रात लिहीत नसतात,” मी म्हणाले. खुशाल म्हणाले. जणू साऱ्या जगाची पत्रं माझ्या नजरेखालून जात होती. ज्याच्या खांद्यावरून तीस वर्षं पत्रं गेली त्याला मी पत्रात काय लिहितात ते शिकवलं, आणि त्यानं मान डोलावली. पोर शिकलेली आहे, तिला कळत असेल.

एवढ्यात टाकाची शाई डाव्या कोपऱ्यात सांडली. राजाच्या डोक्यावर सांडली नाही हे नशीब, नाहीतर मी फाशीच्या तयारीला लागले असते. पण डाग तो डागच. आमच्या बाई डागाला दोन छड्या मारायच्या. नवीन कार्ड मागायची हिंमत नव्हती. मी घरात गेले, मायच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता काढला, आणि डागासकट तो कोपरा कापून टाकला. तिरपा, पण रेषेत. असा सुबक की मी दोनदा हात लांब करून कौतुकानं पाहिला.

कोपरा कापलेल्या कार्डाचा अर्थ काय होतो, ते मला माहीत नव्हतं. कसं असणार? ते मरणाचं कार्ड, कोणी घरात आणत नाही. दाराबाहेर घेतात, कोपरा पाहिला की वाचतही नाहीत, तिथेच फाडतात आणि रडायला बसतात. पोरांच्या हाती ते कधी पडत नाही. आणि आबानं असली कार्डं किती वाहिली असतील, पण त्यातलं एक अक्षर घरात उच्चारलं नव्हतं.

मी कार्ड घेऊन त्याच्याजवळ गेले. “आबा, बघ.”

त्यानं मान वर न करता नुसते हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत चिखल. “मन्हा हात मातीना शेतस. तूच टाकी ये डब्बामा.”

त्यानं हातात घेतलं असतं तर अंगठ्यालाच कळलं असतं. तो नोकरीत असता तर ते कार्ड त्याच्याच थैलीतून गेलं असतं. आता ते दुसऱ्याच्या खांद्यावरून गेलं, घुंगरं वाजवत.

मी वेणी पुढे घेऊन डब्यापर्यंत गेले आणि टाकून आले.

नंतरचे आठ-दहा दिवस माझ्या आठवणीत एकाच दिवसासारखे आहेत. कैऱ्या धरल्या होत्या. घरोघरी पापड वाळत होते, गल्लीत उडदाच्या पिठाचा वास. दुपारी वारा निंबाची फुलं सांडून जायचा आणि माय ती झाडता झाडता शिव्या घालायची. आबानं नवा दोर आणला, पाण्यात भिजवून पिळला, फांदीला बांधला. आणि मग, मला अजून दिसतं, त्यानं ती घुंगरं काढली आणि दोराला वरपासून बांधत आणली. जिजी झोका घेईल तेव्हा वाजतील. मी पहिल्यांदा बसून पाहिलं, तर त्यानं मला उतरवलं. “तुन्हा नही तो. तू खाले बठ.”

आणि एका सकाळी, ऊन असंच पाठीवर असताना, गल्लीच्या तोंडाशी रडणं ऐकू आलं.

बाईमाणसाचं मोकळं रडणं, लांबून येणारं, शब्द अजून न कळणारं. आमच्याकडे मयताच्या घरी येणारी लेक वेशीपासूनच असं रडत येते. आबा झोक्याखाली शेणाचा हात फिरवत होता. तो थांबला. “कोन गयं व?” त्यानं मायला विचारलं.

“कोनी नही. पलीकडली म्हतारी ते काल मन्हासंगे पापड लाटी ऱ्हायनी व्हती.”

“कोनीतरी गयं. जानं पडी. खांदा देवाले मानूस लागी.” त्यानं हात न धुताच उपरणं खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडे निघाला. पळतच.

शब्द आता कळायला लागले होते. “मन्हा आबा रे... माले सोडीसन कोठे गया रे...”

तर असा माझा बाप स्वतःच्याच मयताला खांदा द्यायला फाटकाबाहेर गेला.

बैलगाडी उभी होती. जिजी गाडीतून खाली घसरली होती, केस सुटलेले, पदर धुळीनं लाल. दीड दिवस रडत आली होती. तिनं वर पाहिलं. आबाला पाहिलं. तिच्या तोंडातून जो आवाज आला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही, आणि वर्णनही करणार नाही. तिचा दीर, थोराड अंगाचा माणूस, बैलांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “मामा... तुम्ही... तुम्ही शेतस?”

“शे ना भो,” आबा म्हणाला. “काब्र? नको व्हतू का?”

जिजी धुळीत बसली. तिनं त्याचे दोन्ही हात धरले, शेणानं आणि मातीनं भरलेले, आणि तोंडावर ओढून घेतले. हुंगले. कपाळ, गाल, डोळे, सगळीकडे माती. “मन्हा बापनाच हात शेतस,” ती म्हणाली. आणि हसायला लागली. रडणं थांबलं नव्हतंच, त्यातूनच हसणं निघालं.

माय धावत आली. गल्ली गोळा झाली. पलीकडली म्हातारी, जी मेली नव्हती, तीही लाटणं घेऊन आली.

“पन सांगं कोनी तुमले?” आबानं विचारलं.

“कार्ड उनं ना,” दीर म्हणाला. “नंदुरबारनं. कोपरा फाटेल व्हता.”

“लिखेल काय व्हतं?”

“कोपरा फाटेल कार्ड कोन वाचस, मामा? दारमाच फाडी टाकं. आख्खं घर आंघोळ करीसन बठनं.”

आबाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आणि मी, चौथीतली पहिली, हिंदुस्थानातली तिसरी-चौथी, पुढे झाले आणि अपमान झाल्यासारखी म्हणाले, “फाटलेला नव्हता! शाई सांडली म्हणून मी कापला होता. अडकित्त्यानं. रेषेत!”

मायनं माझ्या थोबाडीत मारली. दुसरी मारायला हात उचलला तर आबानं धरला. तो हसत होता. इतका हसला की फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसला. “मारू नको व,” तो म्हणाला. “दोन साल मी बोलाई ऱ्हायनू, पोर उनी नही. हिना एक कोपरानी आनी तिले.”

“आयुष्य वाढनं भाऊ तुमनं,” म्हातारी म्हणाली. खोटी मरणवार्ता आली की आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी त्यावर तेव्हा पुरता विश्वास ठेवला. कोणाचं वाढतं आणि कोणाच्यातून कापून वाढतं, हे विचारायची अक्कल नव्हती.

दीर म्हणाला, बैल दमले आहेत, उद्या सकाळी निघू. वहिनीला घेऊनच जावं लागेल, तिला इथे ठेवायचं घरी ठरलेलं नाही. म्हणजे एक दिवस मिळाला.

तो दिवस मला तुकड्या-तुकड्यानं आठवतो, आणि त्यात काहीच घडत नाही. जिजीनं तोंड धुतलं, दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी हातात घेऊन अंगणात आली आणि लुगडं खोचून आबाशेजारी वाफ्यात बसली. दोघं मेथीतलं गवत काढत होती. खुरप्यांचा खसखस आवाज. मध्येच आबा घागरी घेऊन पळायचा आणि ती ओरडायची, “हळू रे आबा! एकडाव मरी गया ना, पुरे!” ऊन तापलं तेव्हा निंबाखाली बाज टाकली. ती दीड दिवसाची जागी, डोळा लागला तिचा. अंगावर फुलं सांडत होती आणि आबा ती वेचत नव्हता, नुसतं उपरण्यानं वारा घालत होता. मी पायथ्याशी बसून तिच्या तळपायाच्या भेगा बोटानं मोजत होते. मोजून संपल्या नाहीत.

उठल्यावर तिनं विचारलं, “काय लिखं व्हतं व तू त्या कार्डमा?”

मी उभी राहून पाठ म्हणून दाखवलं. ‘प्रेषित करावे’ला ती बाजेवरून खाली पडायची राहिली. “प्रेषित करावे! मन्ही सासू ते ऐकीसनच मरी जाती व!” आणि मग, हसणं ओसरल्यावर, आबाला: “तू काय सांगं व्हतं रे?”

“काही नही,” आबा म्हणाला. “अखाजीले धाडा. इतलंच.”

डोळ्यांचं तो बोलला नाही. मीही बोलले नाही. मला वाटलं, अशुद्ध वाक्य आहे, कशाला सांगायचं.

संध्याकाळी, ऊन फांद्यांच्या खालून आडवं येतं त्या वेळी, ती झोक्यावर बसली. आबानं पहिला झोका दिला. तीस वर्षं सातपुड्याच्या वाटांवर वाजलेली ती घुंगरं तिच्या डोक्यावर वाजत होती. ती उंच गेली की कुंपणापलीकडचं दिसायचं तिला, आणि ती ओरडून सांगायची, “गाडी जाई ऱ्हायनी... म्हशी उन्यात...” जणू आम्हाला ते माहीत नव्हतं. आबा खाली उभा, प्रत्येक खेपेला मान वर-खाली. त्यानं त्या संध्याकाळी दुसरं काही केलं नाही. वांग्यांना पाणी द्यायचं राहिलं. माय त्यावरून बोलली नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

सकाळी गाडी जुंपली. आबानं गिलक्याचं बी तिच्या पदराच्या गाठीत बांधलं. “लाव तठे. कुडावर चढाई दे.” आणि वीसेक दिवसांवर अखाजी होती, तेव्हा मी लेवाले येसू, असं दिराला तीनदा सांगितलं.

चौथ्या दिवशी खापरच्या बाजाराहून आलेल्या माणसाबरोबर निरोप आला. जिजीच्या सासूचा. पोरगी न्यायची म्हणून बापानं मरणाचं सोंग केलं. जित्त्या माणसापायी आमच्या घरानं आंघोळ केली, गावात हसू झालं. अखाजीला येऊ नका. आता खरंच मेलात तरी पोर पाठवणार नाही.

आबा तरी गेला. फाटकातूनच परत पाठवला. परतही पळतच आला, सवयीनं. पण त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्या अखाजीला झोक्यावर मी बसले. त्यानं मला उतरवलं नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं? पाऊस पडला असेल, वांगी आली असतील. आबानं गावातून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं, “खापरकडं गयथात का?” एकदा कोणीतरी सांगितलं, तुमच्या पोरीच्या कुडावर गिलक्याचा वेल आहे, मोठा चढला आहे. ते वाक्य त्यानं आठ दिवस पुरवलं. आणि आमच्या घरी एक नवीन रीत सुरू झाली: कार्ड कोणाचंही येवो, जाओ, आबा आधी हात धुवायचा. विहिरीवर जाऊन, नखांतली माती काढून, धोतराला कोरडे करून, मगच कार्ड हातात घ्यायचा.

फाल्गुन संपत आला होता. कुंपणापलीकडे पळस पेटलेला. आबा झोक्याखालचे खडे वेचत होता, ह्या वर्षी पुन्हा. डाकवाला फाटकाशी उभा राहिला आणि आत आला नाही.

आबा उठला. विहिरीवर गेला. हात धुतले, नखं साफ केली, पुसले. घाई केली नाही. मग फाटकाशी जाऊन कार्ड घेतलं. मी ओट्यावरून पाहत होते. त्याचा अंगठा कार्डाच्या कडेवरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. तो कोपरा तिरपा नव्हता, रेषेत नव्हता. हातानं फाडलेला होता.

“आण, मी वाचते,” मी म्हणाले.

त्यानं दिलं नाही. बराच वेळ त्या फाटक्या कडेकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे पाहिलं, अगदी साध्या चेहऱ्यानं, अभ्यासातलं काही विचारावं तसं.

“इंदे, कोनीतरी शाई सांडाई दिन्ही व्हई ना?”

मी आयुष्यात पुष्कळ उत्तरं दिली. खोटी, खरी, पाठ केलेली. त्या प्रश्नाला मला ‘हो’ म्हणता आलं नाही.

त्यानं कार्ड कमरेला खोचलं आणि निघाला. पायात वहाण नाही, डोक्याला काही नाही. पळत. फाटकातून, गल्लीतून, तापीच्या वाटेनं. मायनं हाक मारली ती त्यानं ऐकली नाही. त्याच्या पळण्यात, मी सांगते, घाबरलेल्या माणसाचं काही नव्हतं. आशा होती. एका अंगणात मेलेला माणूस जित्ता निघाला होता, तर दुसऱ्यात का नाही निघणार? तोही तिथे पोचेल, ती वाफ्यातून मान वर करेल, हात मातीचे, म्हणेल, काब्र रे आबा, नको व्हतू का मी?

पाचव्या दिवशी तो आला. मी फाटकाशीच होते. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी दिसलं आणि मला ओळखू आलं नाही, कारण तो माणूस चालत होता.

आबा चालत आला. एक पाऊल, मग दुसरं, सगळी माणसं चालतात तसं. त्यानंतर तो कधी पळाला नाही. हातात एक वाळलेलं गिलकं होतं, आत बी खुळखुळत होतं. तिच्या कुडावरचं. तेवढं त्यांनी नेऊ दिलं.

अखाजीला आम्ही गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतो, वर डांगर ठेवतो, ते खरबूज असतं. पण लेक परक्या घरची. तिची घागर भरायचा हक्क सासरचा. त्या दिवशी सकाळी आबानं निंबाखाली, खडे वेचलेल्या त्या चौकोनात, शेणाचं घमेलं घासूनपुसून पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं.

“हाई काय?” मायनं विचारलं.

“चिड्यासले,” तो म्हणाला. चिमण्यांना.

झोक्याचा दोर त्याच वर्षी कुजून तुटला. घुंगरं कुठे कुठे गेली. हे एक आज निघालं.

मी मास्तरीण झाले. तीस वर्षांत माझ्या वर्गातल्या कुठल्याच मुलीची वही कोपरा दुमडलेली, फाटलेली मी चालू दिली नाही. मुली मला मागे ‘कोपरेबाई’ म्हणायच्या, ते मला माहीत होतं. डाग पडला तर मात्र मी कधी मारलं नाही. डाग असू दे म्हणायचे. डागासकट द्या. आणि एकदा एका मुलीनं निबंधात लिहिलं, ‘आजीचे डोया वाटले लागनात’, तर मी लाल पेन उचललं, आणि खाली ठेवलं, आणि पूर्ण गुण दिले. हेडमास्तर विचारायला आले होते. मी म्हटलं, व्याकरण बरोबर आहे.

आता दुपार होत आली. कुंपणावर त्याच बियांच्या बियांच्या बियांचं गिलकं आहे, गेल्या वर्षीचं एक वाळून लोंबतं आहे. मी अंबाड्याची पिन काढली आणि घुंगराच्या चिरेतून माती कोरत बसले. एवढीशी चीर, आणि इतकी वर्षं बसलेली माती. भुगा-भुगा होऊन मांडीवर पडत होती. बरंच कोरल्यावर आतला खडा सुटला. मी हात हलवला.

वाजलं. बारीक, किरकिरं, पण वाजलं.

“कोण आलं हो?” सून आतून म्हणाली.

“कोनी नही,” मी म्हटलं.

मग गुडघ्यांना हात लावून उठले, आणि फाटकापर्यंत जाऊन पाहून आले. आमच्या घरात अशी चूक एकदा झालेली आहे.